डाव माझा होता, अक्का

अक्का, आधी भांडण उरकून घेऊ, रडणं नंतर. तो आठवडा माझा होता. खोडी मी करायची आणि तू शोधायची, असं ठरलेलं असताना तू डाव मोडलास. वर सांगितलंही नाहीस. आणि रविवारी सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली आणि निघून गेलीस, म्हणजे जाब विचारायची सोयही ठेवली नाहीस. समोर असतीस तर तोंडावर बोलले असते. आता लिहून बोलते.

लोक तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतायत. तुझ्या शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या, "विमलताईंचा स्वभाव किती शांत होता." मी रुमाल तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलंच होतं, पण त्याआधी हसू आलं होतं. शांत स्वभावाची विमलताई मी तरी कधी पाहिली नाही. मी जिला ओळखते ती बाई माझ्यावर फोनमधून इतकी ओरडायची की माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "धुळ्याला काय झालं?"

आपली गाठ पडली ती जळगावच्या त्या क्लासात. नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची तयारी, दर रविवारी. तू धुळ्याहून एसटीने यायचीस. पहिल्या दिवशी तू दारात उभी राहिलीस, पन्नाशीची, हातात डब्याची पिशवी, आणि शिकवणारा पोरगेला सर म्हणाला, "पालकांनी बाहेर बसा, काकू." तू म्हणालीस, "मी काकू असेन, पण पालक नाही. विद्यार्थी आहे." आणि येऊन माझ्या शेजारी बसलीस. मधल्या सुट्टीत डबा उघडलास. कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी एक तुकडा मोडला आणि तेव्हापासून तुझ्या तावडीत सापडले.

तू शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचीस. मी इथे एका पाईपच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात. मला सर्टिफिकेट हवं होतं बढतीसाठी. तुला कशासाठी, ते मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या लॅबमध्ये कुणीही आलं की मला विचारतं, मॅडम, सर कुठेत? वीस वेळा सांगितलं, सर नाहीत, मीच आहे. आता भिंतीवर कागद लावते. बोलायचं कामच नको." मला ते कारण माझ्या बढतीपेक्षा मोठं वाटलं. अजून वाटतं.

क्लास अर्ध्यात बंद पडला. सर पुण्याला नोकरीवर गेले आणि बाकीची मुलं पांगली. आपण दोघी मात्र घोरपडीसारख्या चिकटून राहिलो. भंगारात निघालेले जुने राउटर मिळवले, दोन तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. नेटवाल्यांशी भांडून दोन्ही घरांना इंटरनेटचे न बदलणारे पक्के पत्ते घेतले आणि इंटरनेटवरून धुळे ते जळगावातलं माझं मेहरूण असा आपला खाजगी रस्ता टाकला. तुझे राउटर धान्याच्या कोठीवर, माझे फ्रिजवर. ज्या दिवशी पहिल्यांदा माझ्या राउटरच्या शेजाऱ्यांच्या यादीत तुझ्या राउटरचं नाव उमटलं, त्या दिवशी फोनवर तुझा नाक ओढल्याचा आवाज आला. मी विचारलं तर म्हणालीस, "मिरच्या कांडतेय." बरं.

ही शेजाऱ्यांची यादी म्हणजे काय, हे तू मला साक्रीच्या बाजारावरून समजावलं होतंस. तुझं माहेर तिकडचं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावची माणसं भेटतात, कुठला रस्ता चालू, कुठल्या नाल्याला पाणी, हे एकमेकांना सांगतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जण सगळ्या भागाचा नकाशा डोक्यात घेऊन घरी जातो. "बठ्ठास्ले बठ्ठं माहीत," तू म्हणायचीस, सगळ्यांना सगळं. ओएसपीएफ म्हणतात तो प्रकार हाच. राउटर आपल्या शेजाऱ्याला ठरावीक वेळाने हाक मारतो, शेजारी त्याला हाक मारतो. हाका चालू आहेत तोवर रस्ता चालू. हाक यायची थांबली की थोडा वेळ वाट बघायची आणि मग शेजारी गेला असं धरून त्याचं नाव यादीतून काढायचं. किती वाट बघायची, तो आकडा मात्र दोघांकडे सारखा हवा. तो जुळला नाही तर दोघं एकमेकांना शेजारी मानायलाच तयार होत नाहीत, मग कितीही हाका मारा. पुस्तकातली पाच पानं वाचून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते तू साक्रीला नेऊन शिरवलंस.

आणि मग तू खोड्यांचा डाव काढलास. पुस्तक वाचून बिघाड शोधता येत नाही, बिघाड झाल्याशिवाय. तर एका शनिवारी तू माझ्या राउटरमध्ये शिरून काहीतरी बिघडवून ठेवायचं, पुढच्या शनिवारी मी तुझ्यात. दुसरीने रविवारी शोधायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. एकदा मी तुझ्या राउटरला माझ्याच राउटरची ओळख देऊन ठेवली. एकाच ओळखीचे दोन जण, दोघेही एकमेकांना तोतया समजून तोंड फिरवून बसले. तू दोन रविवार डोकं धरून बसलीस आणि सापडल्यावर मला जी शिवी दिलीस ती इथे लिहिता येत नाही.

पण माझी फजिती जास्त गाजली. त्या रविवारी यादीत तुझं नाव दिसेना. मी लगेच फोन लावला. "अक्का, तुझ्याकडे बंद पडलंय, जरा चालू-बंद कर." तू पापड लाटत होतीस. गल्लीतल्या बायका जमलेल्या. पिठाचे हात धुऊन आलीस, चालू-बंद केलंस, काही नाही. पुन्हा फोन, पुन्हा हात धुणं. शेवटी कळलं की माझ्या सासूबाईंनी मिक्सर लावायला माझ्याच राउटरचा प्लग काढला होता आणि चटणी झाल्यावर परत लावायला विसरल्या होत्या. तू सगळ्या पापडवाल्या बायकांना ते सांगितलंस. मागून हसण्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. मग तू म्हणालीस, "का वं, आधी आपलं घर देख, मंग दुसरानं." मराठीत नीट बोलणारी तू, राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणीवर यायचीस. त्या दिवशी कशामुळे आलीस ते मी विचारलं नाही.

आपलं खरं भांडण त्या वाट बघण्याच्या आकड्यावरून. ते संपलंच नाही. नेहमीचा आकडा चाळीस सेकंदांचा. माझं म्हणणं, कमी ठेवावा. कारखान्यात एक रस्ता तुटला तर दुसरा ताबडतोब धरता आला पाहिजे, मशीन चाळीस सेकंद उभं राहिलं तरी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. तुझं म्हणणं, वाढवावा. तुझ्या शाळेत लाईट लपकन जायची, लपकन यायची, आणि दर वेळी सगळी यादी पुसून नव्याने मांडायची. "माणूस जरा चहा प्यायला गेला तरी तू त्याला मेला म्हणशील," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, चहा पिऊन आला की घेऊ की परत यादीत. त्यावर तू म्हणायचीस, "आणि त्याला कळलं की आपलं नाव काढलं होतं, तर?" राउटरला कळत नसतं, अक्का. हे मी तुला निदान दहा वेळा सांगितलं.

परीक्षा नाशिकला होती. दोघींनी एकाच दिवसाची घेतली. मी जळगावहून बसणार, धुळ्याला तू चढणार, तुझी जागा मी पिशवी ठेवून धरणार, डबा तुझा. सगळं ठरलेलं. आणि त्या शुक्रवारी फोनवर तू मला म्हणालीस, "तू नापास होशील." कारण विचारलं तर तुझा आवाज चढला. "तुला सगळं येतं, पण बिघाड दिसला की तू पहिलं बोट समोर दाखवतेस. तू समोरलाले भलती लवकर मारस, माय." मी म्हणाले, तू तुझं बघ. तू म्हणालीस, बघतेच. आणि फोन ठेवलास. हे आपलं शेवटचं बोलणं. त्याबद्दल मला लोक सांगतात की मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेतलेलं नाही. आपण दर पंधरा दिवसांनी असा फोन आपटायचो आणि सोमवारी तू काहीच झालं नाही अशा आवाजात विचारायचीस, भाजी काय केलीस. माझा राग त्या सोमवारवर आहे. तो तू मला दिला नाहीस.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. यादीत तुझं नाव नव्हतं. मनात म्हटलं, धुळ्याला लाईट गेली असेल, आणि तेवढ्यात नानांचा फोन आला. तुझे यजमान, ज्यांनी मला आयुष्यात कधी स्वतःहून फोन केला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "पोरी, अक्का गई."

मी आले, तुला पाहिलं, तुला पोचवलं. मेहरूणला परतले तेव्हा यादी तशीच रिकामी होती. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सुतकाच्या घरात टीव्ही बंद होतो, रेडिओ बंद होतो, कुणी मोबाईलचं गाणंही वाजू देत नाही. कुणीतरी कोठीवरची ती लुकलुकणारी पेटीही बंद केली असणार. आणि समज, ती परत चालू करावी असं मला वाटलं असतं तरी नानांना फोन करून काय सांगणार होते? की तुमची बायको गेली ते खरं, पण तेवढा राउटर चालू करा? मी लॅपटॉप मिटला. परीक्षेची तारीख रद्द करायची ठरवली. एकटीने बसून काय करू, असं झालं होतं. पास होणं हे आपलं दोघींचं काम होतं. त्यातली अर्धी उठून गेल्यावर उरलेल्या अर्धीत मला काही राम वाटेना.

सुतक फिटायच्या दिवशी, तुझ्या गंधमुक्तीला, पुन्हा धुळ्याला आले. पुरुष मंडळी मांडवात होती. मी आत नानांना भेटायला गेले. ते कोठीपाशी खाली बसले होते. टीव्हीवर चादर होती. आणि कोठीवर, अक्का, तुझे दोन्ही राउटर चालू होते. हिरवे दिवे लुकलुकत होते. मी तिथेच उभी राहिले. नानांनी माझ्या नजरेकडे पाहिलं.

"टीव्ही बंद करा मी, रेडू बंद करा," ते म्हणाले. "पन हाई पेटी बंद करी नही. ती म्हने, घरमा काहीबी व्हवो, हाई बंद करानी नही. सारिका तठून हाका मारस."

"नाना, पहिल्या दिवसापासून चालू आहे?"

"पहिला दिनपाईन. लाईट गई व्हती एक डाव, मी स्वतः उठीसन देखं. चालू व्हती." मग त्यांनी विचारलं, "परीक्षाले जाशी ना?"

मी त्यांना पाणी दिलं.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी नुसती रडले. त्या माणसाने टीव्ही झाकला, आणि तुझं एक वाक्य म्हणून ती पेटी सांभाळली, हेच डोळ्यांसमोर येत होतं. पारोळ्यानंतर मात्र डोकं चालायला लागलं. तुझी बाजू पहिल्या दिवसापासून चालू आहे. मग माझ्या यादीत तू का नाहीस?

घरी पोचले, पर्स खुर्चीवर टाकली आणि चहासुद्धा न घेता फ्रिजसमोर उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हातपाय तरी धू." मी म्हटलं, आधी आपलं घर बघते. प्लग जागेवर होता. वायर जागेवर. मग जे मी इतके दिवस एकदाही केलं नव्हतं ते केलं. तुझ्या राउटरच्या पत्त्यावर साधी विचारणा पाठवली, आहेस का. पाच पाठवल्या. पाचही उत्तरं आली, त्या क्षणाला, एकही न चुकता. रस्ता उघडा होता. पहिल्या दिवसापासून उघडा होता. मी यादीत नाव दिसलं नाही म्हणून तू नाहीस असं धरून बसले होते, आणि एकदा विचारूनही पाहिलं नव्हतं.

मग बिघाड सापडायला वेळ लागला नाही. मी आता यात बरी आहे, तूच तसं केलंस. वाट बघण्याचा आकडा. तुझ्याकडे नेहमीचे चाळीस. माझ्याकडे कुणीतरी बदलून ठेवलेला, मशीन घेईल तेवढा मोठ्यात मोठा, जवळजवळ अख्ख्या दिवसाएवढा. माझ्या राउटरचा पासवर्ड मला माहीत आहे आणि तुला. असला आकडा जगात दुसरं कुणी टाकणार नाही. शुक्रवारी फोन आपटलास आणि शनिवारी, माझा डाव असताना, गुपचूप शिरून माझ्या उतावळेपणावर औषध ठेवून गेलीस. वर लाईट गेली तरी पुसलं जाऊ नये म्हणून नीट सेव्हही करून गेलीस. परीक्षा डाव कुणाचा ते बघून येत नाही, असंच म्हणाली असतीस.

मी हसले, अक्का. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या, कारण गंधमुक्तीहून आलेली बाई फ्रिजला टेकून हसते आहे हे काही बरं लक्षण नाही. मग मी जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "धुळ्याचं चालू झालं का?"

ते चालू करायला दोनच मार्ग होते. माझा आकडा परत चाळीसवर आणायचा, किंवा तुझा माझ्याएवढा करायचा. बरोबर मार्ग पहिला. कुठलाही शहाणा माणूस तेच करेल, आणि नाशिकला हा प्रश्न आला तर मी चाळीसच लिहीन, कारण मला पास व्हायचं आहे. होणारच आहे. तारीख रद्द केलेली नाही. नानांना फोन करून सांगितलं की येते आहे. ते म्हणाले, बस धुळ्याला थांबेल तेव्हा स्टँडवर डबा घेऊन उभे राहतील. भाकरी त्यांना कशी जमेल देव जाणे. पण पिशवी ठेवून तुझी जागा मी धरणार आहे, कंडक्टर किती का कटकट करेना.

घरी मात्र मी तुझ्या राउटरमध्ये शिरले आणि तुझा आकडा माझ्याएवढा केला. थोड्याच वेळात यादीत तुझं नाव आलं. ते भांडण तू जिंकलीस असं समजू नको. कारखान्यात मी अजून चाळीसच्या खालीच ठेवते. पण इथे, फ्रिजवर, तुझं चालू दे. धुळ्यात लाईट गेली, नानांचा धक्का लागून प्लग निघाला, काहीही झालं, तरी तुझं नाव माझ्याकडे जवळजवळ अख्खा दिवस जागचं हलणार नाही. तेवढ्यात नाना उठून बघतातच.

आणि तुझ्या राउटरमध्ये शिरलेच होते, तर तुझ्या त्या दुसऱ्या राउटरमध्ये जाऊन एक खोडी करून आले आहे. आपल्या रस्त्याला धक्का लागत नाही, पण आहे चांगली, सहज सापडायची नाही. डाव माझा होता. शोध आता, सावकाश. नानांना सांगून ठेवलंय, पेटी बंद करू नका.